झेंडूचा हिवाळा

झेंडूनं खाणं सोडलं ते ऑक्टोबरात, आमच्या अंगणातल्या मेपलची पानं गळायला लागली त्या सुमारास. झेंडू हा साप आहे. अमेरिकेत ज्याला कॉर्न स्नेक म्हणतात तो. नर, वय सहा वर्षं, लांबी चार फुटांच्या आसपास. नारिंगी अंगावर काळ्या किनारीचे विटकरी डाग आणि पोटाखाली काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी. विषारी नाही, भक्ष्याला विळखा घालून मारणारा. लेक बारा वर्षांची असताना त्याला घरी घेऊन आली, तेव्हा तो करंगळीहून बारीक होता. रंगावरून नाव तिनंच ठेवलं. आता ती दुसऱ्या राज्यात कॉलेजात शिकते. वसतिगृहात साप चालत नाही, म्हणून झेंडू आमच्याकडे, म्हणजे खरं तर माझ्याकडे आहे.

आम्ही राहतो ते ओहायो ही काही त्याच्या जातीची भूमी नव्हे. हा साप मूळचा दक्षिण न्यू जर्सीतल्या पाइनच्या रानापासून खाली फ्लोरिडापर्यंतचा आणि पश्चिमेला लुइझियानापर्यंतचा. शेतं, पडकी कोठारं, झाडांच्या ढोल्या, जिथं उंदीर तिथं तो. लिनियसनं १७६६ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. शेतकऱ्याच्या इतक्या उपयोगाचा हा साप, पण रंगानं विषारी कॉपरहेडसारखा भासतो आणि त्या भासापायी आजही मारला जातो. आपल्याकडे धामणीचं तेच होतं. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते असं म्हणत तिला काठीनं ठेचणारे लोक मी लहानपणी पाहिलेत. झेंडूनं मात्र रान पाहिलेलंच नाही. त्याच्या कितीतरी पिढ्या माणसांच्या घरात, पेट्यांमध्ये जन्मल्या.

दर दहा-बारा दिवसांनी एक उंदीर, हा त्याचा नेम. गोठवलेले पांढरे उंदीर विकत मिळतात. खोवलेलं खोबरं आणि मेथीची पाकिटं ज्या फ्रीझरमध्ये असतात, त्याच्याच खालच्या कप्प्यात एका बंद डब्यात ते असतात. आदल्या रात्री एक काढून फ्रीजमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पिशवीसकट कोमट पाण्यात, मग जरा गरम पाण्यात. त्याचं अंग सदतीस-अडतीस अंशांपर्यंत यावं लागतं, कारण जिवंत उंदीर तेवढा ऊबदार असतो आणि गार उंदराला साप सहसा भक्ष्य मानत नाही. मी जन्मापासून शाकाहारी. पण हा जीव घरात घेतला तेव्हाच त्याचं अन्नही घरात घेतलं. सापाला दुसरा आहार नाही, त्यामुळे इथं आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही.

त्या संध्याकाळी उंदीर लांब चिमट्यात धरून मी टँकची काच सरकवली. झेंडू लाकडाच्या लपणातून अर्धा बाहेर आला. जीभ बाहेर आली, टोकाशी दुभंगलेली, हवेत दोनदा वरखाली झाली आणि आत गेली. जिभेनं टिपलेला गंध टाळूतल्या एका इंद्रियाकडे जातो, जेकबसनचं इंद्रिय म्हणतात त्याला. साप जगाचा बराचसा भाग तिथं वाचतो. एरवी यानंतर त्याच्या मानेला वळण पडतं, अंग आखडतं आणि आपल्याला कळायच्या आत उंदीर विळख्यात गेलेला असतो. या वेळी जीभ आली, गेली, पुन्हा आली. मग त्यानं उंदराला वळसा घातला, पाण्याच्या वाडग्याच्या कडेवरून सरकत तो टँकच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथल्या लपणात शिरला. शेपटीचं टोक शेवटी आत ओढलं गेलं.

जेवायला नको म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला वाचता येतो. राग, आजार, कंटाळा, काहीतरी तिथं दिसतं. सापाला पापण्या नाहीत, भुवया नाहीत, ओठांना हालचाल नाही. त्याच्या नकारातून फक्त नकारच कळतो. त्यामागचं कारण बाहेरून, एकेक शक्यता तपासत शोधावं लागतं.

पहिली शंका कातीची. कात टाकायच्या आधी साप बहुधा जेवत नाहीत. जुन्या आणि नव्या त्वचेच्या मधे द्रव साठतो, डोळे ताकाच्या निवळीसारखे निळसर धुरकट होतात आणि नीट दिसेनासं झालेला साप लपून बसतो. पण झेंडूचे डोळे स्वच्छ होते. मग उष्णता. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. टँकची एक बाजू तीस अंशांच्या आसपास आणि दुसरी चोवीसच्या, अशी असली म्हणजे त्याला हवं तेव्हा तो जागा बदलून आपलं अंग गरम-गार करतो. ऊब कमी पडली तर गिळलेलं पोटातच कुजू शकतं, म्हणून अशा वेळी साप खात नाही, किंवा खाल्लेलं ओकतो. थर्मोस्टॅटवरचा आकडा बरोबर होता. दुसरा थर्मामीटर तळाच्या भुशात, तो ज्या पातळीवर झोपतो तिथं ठेवून पाहिला. तोही बरोबर. दमटपणाही ठीक होता.

राहिलं वजन. त्याच्यासाठी वेगळा काटा आहे. प्लास्टिकच्या डब्यात त्याला ठेवायचं, झाकण लावायचं, डब्याचं वजन वजा करायचं. ५४० ग्रॅम. एरवी धडधाकट असलेल्या प्रौढ सापाचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं की काळजीला लागायचं, असं साप पाळणारे जाणते लोकही सांगतात आणि डॉक्टरही. म्हणजे माझ्या हातात ५४ ग्रॅम होते. हा आकडा वहीत लिहून ठेवल्यावर मला बरंच स्थिर वाटलं. ‘वाळला गं’ हा आपल्या तोंडातला नेहमीचा उद्गार, पण नजरेनं दिसणारं वाळणं बहुतेक वेळा आपल्या मनातलं असतं. काट्यावर मनाचा भार पडत नाही. शिवाय रोज वजन करायचं नाही, आठवड्यातून एकदाच, कारण पुन्हा पुन्हा हाताळलेला साप बिथरतो आणि बिथरलेला साप आणखी खात नाही.

साप जेवेना म्हणजे करायच्या युक्त्या साप पाळणाऱ्या मंडळींनी पुष्कळ शोधून ठेवल्यात. उंदीर नेहमीपेक्षा लहान द्यायचा. पांढऱ्याऐवजी तपकिरी द्यायचा. उंदीर धुऊन माणसाच्या हाताचा वास घालवायचा. चिकनच्या अळणी पाण्यात बुडवून द्यायचा. काही जण त्याला पालीचा किंवा सरड्याचा वास चोळतात, कारण या जातीची पिल्लं रानात सरडे आणि बेडूकही खातात. मेलेल्या उंदराच्या डोक्याला टोचा मारून आतला वास बाहेर काढायचा, हीही एक रीत आहे. सापाला आणि उंदराला अंधारात, एका छोट्या बंद डब्यात रात्रभर एकत्र ठेवायचं. यातल्या दोन-तीन गोष्टी मी केल्या. लहान उंदीर दिला, संध्याकाळ उलटून अंधार पडल्यावर दिला, टँकवर चादर टाकून मी खोलीबाहेर जाऊन बसले. सकाळी उंदीर जिथल्या तिथं. नंतर मी युक्त्या थांबवल्या. प्रत्येक युक्ती म्हणजे त्याच्या खोलीत आपलं आणखी एकदा जाणं, हे माझ्या लक्षात यायला लागलं होतं.

आपण मुलं वाढवतो ती काऊचा घास, चिऊचा घास करत. खिडकीतला चंद्र दाखवायचा, पळणाऱ्या पोराच्या मागे वाटी घेऊन फिरायचं, तोंड उघडलं की चमचा आत. माझी लेक अशीच जेवली, मीही अशीच जेवले असणार. त्या लाडीगोडीत पोटापेक्षा माया जास्त असते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. सापाशी मात्र हा व्यवहार होऊच शकत नाही. त्याला चंद्र दाखवता येत नाही. तो आपल्यासाठी म्हणून एक घास खाणार नाही. त्याचं खाणं संपूर्ण त्याचं आहे आणि न खाणंही. ज्या हातांना भरवण्याची इतकी सवय आहे त्या हातांनी नुसतं पाणी बदलायचं, आकडा लिहायचा आणि काच बंद करायची, हे शिकणं मला फार अवघड गेलं. पण त्या हिवाळ्यात त्याची काळजी घेणं म्हणजे एवढंच होतं आणि मी ते मनापासून केलं.

जबरदस्तीनं भरवणं हाही एक मार्ग आहे. तोंड उघडून घशात उंदीर सरकवायचा किंवा नळीनं पातळ अन्न सोडायचं. खरोखर खंगलेल्या सापासाठी, तेही डॉक्टरच्या हातून, ते करावं लागतं आणि त्यानं जीव वाचतात. पण उतावीळ मालकानं घरच्या घरी ते करणं मला क्रूरपणाचं वाटतं. सापाचा जबडा नाजूक असतो, दात सुयांएवढे बारीक आणि आत वळलेले असतात. एका झटापटीत हिरडी फाटली की तिथं पू धरतो आणि मग जो साप खात नव्हता त्याला खाताही येत नाही.

डॉक्टरांकडे मी त्याला नेलं ते नोव्हेंबरात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाणकार डॉक्टर बाई आहेत. त्यांनी बोथट पट्टीनं त्याचं तोंड हळूच उघडून हिरड्या पाहिल्या. लाल सूज नाही, पू नाही. श्वासाला घरघर नाही. मग दोन्ही हातांच्या बोटांतून त्याला मानेपासून शेपटीपर्यंत सरकू दिलं. पोटाच्या भागात कुठं फुगवटा लागतो का ते त्या चाचपत होत्या. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी सापाच्या जठराच्या भिंतीत शिरतो आणि ती जाड करतो. मधल्या अंगाला गाठ आल्यासारखी दिसते, साप खाल्लेलं ओकत राहतो, वाळत जातो, आणि त्याला खात्रीचा उपाय नाही. फुगवटा नव्हता, ओकारी कधी झाली नव्हती, विष्ठेच्या तपासणीतही काही निघालं नाही. मादी असती तर अंड्यांची शंका घ्यावी लागली असती, कारण नराशी संबंध न येताही माद्यांच्या पोटात अंडी धरतात आणि कधी अडकतात. हा नर, थंडीच्या तोंडावर, वजन जवळपास होतं तेवढंच. बाई म्हणाल्या, “त्याचा हंगाम आहे. पाणी द्या, ऊब द्या, वजन बघा.”

हंगाम हा शब्द मला पटला. या जातीच्या उत्तरेकडच्या सापांना रानात हिवाळा जमिनीखाली, बिळात, कुजक्या खोडाखाली काढावा लागतो, आणि त्या काळात ते खात नाहीत. टँकमध्ये थंडी पोहोचत नाही हे खरं, तरी दिवस लहान झाले की हीटरच्या उबेत राहणाऱ्या सापांचीही भूक कित्येकदा मावळते. पुढे वसंतात नरांना माद्यांचे वेध लागतात, तेव्हाही त्यांचं अन्नावरचं लक्ष उडतं. जन्मभर काचेत राहिलेल्या, मादी कधी न पाहिलेल्या झेंडूच्या अंगात हे सगळं शाबूत आहे. पेटीत जन्मलेल्या पिढ्यांनीही तो ऋतू सोडलेला नाही.

उपाशी सापाच्या शरीरात काय चालतं यावर संशोधन झालंय. मार्शल मॅक्यू या शास्त्रज्ञानं २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अजगर, रॅट स्नेक आणि रॅटलस्नेक अशा तीन प्रकारच्या सापांना सुमारे सहा महिने अन्न दिलं नव्हतं. त्यातला रॅट स्नेक हा झेंडूचा अगदी जवळचा भाऊबंद. काही सापांनी आपला विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च ७२ टक्क्यांपर्यंत कमी केला होता. मुळात सापाचा हा खर्च त्याच्या वजनाच्या उंदरा-सशाच्या मानानं फार थोडा; त्यातूनही त्यानं इतकी काटकसर केली. आणि मला जे वाचून थांबावंसं वाटलं ते हे, की त्या उपासात ते साप लांबीनं वाढले. वजन घटत होतं आणि अंग लांबत होतं. प्राण्यांना उपाशी ठेवून केलेला प्रयोग मला आवडत नाही, हेही इथं सांगून टाकते. पण त्यातून जे कळलं त्यानं माझ्या घरातल्या एका प्राण्याचा छळ वाचला.

बर्मी अजगरांवर स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९०च्या दशकात जे पाहिलं ते तर याहून अद्भुत आहे. दोन जेवणांच्या मधे अजगराचं आतडं आक्रसून जातं, जणू कामावर नसतंच. मोठं भक्ष्य पोटात गेलं की एक-दोन दिवसांत आतड्याचं वजन दुपटीपर्यंत वाढतं, यकृत-मूत्रपिंडं वाढतात, हृदयसुद्धा मोठं होतं आणि शरीराची भट्टी चाळीसपटीपर्यंत पेटते. पचन झालं की सगळं पुन्हा आवरून ठेवायचं. वरचेवर शिकार करणाऱ्या झेंडूसारख्या सापांत हे इतक्या टोकाला जात नाही. तरी रीत तीच. दिवसातून तीनदा पानावर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना भूक ही सदा चालू असलेली गोष्ट वाटते. त्याच्या बांध्यात भूक बंद करून ठेवायची सोय आहे.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, वाटीभर दूध ठेवून बघ की.”

“आई, साप दूध पीत नाही गं.”

“पंचमीला पितोय की. डोळ्यांनी बघितलंय मी.”

तिनं पाहिलंय हे खरं आहे. मीही पाहिलंय. वाळव्याला लागूनच शिराळा, बत्तीस शिराळा. नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुकीसाठी ते गाव सगळ्या देशात गाजलं. पंचमीआधी रानातून नाग धरून आणायचे, मडक्यांत ठेवायचे, त्या दिवशी बायका त्यांची पूजा करायच्या. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं नाग धरण्यावर बंदी होतीच, पुढे न्यायालयाच्या आदेशांनी ती मिरवणूक थांबली. शिराळकरांची नागावरची श्रद्धा खरी आहे, यात मला शंका नाही. आमच्याकडे पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास धरतात आणि तो भाऊ म्हणजे नाग. दुसऱ्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, पुरणाची दिंडं उकडायची. आई पंच्याहत्तरीतही तो उपवास सोडत नाही.

पण दारोदार टोपली घेऊन फिरणाऱ्यांचा नाग वाटीत तोंड घालतो, तो तहानेनं. त्याला आधी कित्येक दिवस पाणी दिलेलं नसतं. विषदंत उपटलेले असतात, कधी तोंड दोऱ्यानं शिवून फक्त फट ठेवलेली असते. दूध पचवायची सोय सापाच्या पोटात नाही. त्याच्या पूर्वजांनी कधी पिल्लांना पाजलं नाही. ते दूध कधी फुप्फुसात जातं, आणि पंचमी सरल्यावर असे कितीतरी नाग मरतात. पुण्यात कात्रजला नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली सर्पोद्यान उभं केलं. त्यांच्यासारख्या सर्पमित्रांनी हे गावोगाव सांगण्यात आयुष्य झिजवलंय. त्यामुळे आईला मी झेंडू पाणी कसं पितो ते व्हिडिओ कॉलवर दाखवलं. हनुवटी पाण्याला टेकवलेली, डोकं स्थिर, जिभेचा काही उपयोग नाही, फक्त जबड्याच्या कडेला एक बारीक उघडमीट आणि गळ्यावरून मागे जाणारी लाट. आई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “तहान लागली की पितो म्हण की. मग दे पाणी. घागरीचं दे, ताजं.” तेव्हापासून ती फोनवर जेवणाचं विचारत नाही, पाणी बदललंस का, एवढंच विचारते.

घरात दुसरा एक तर्क होता. यांचं म्हणणं, लेक ऑगस्टमध्ये गेली आणि दोन महिन्यांत यानं अन्न सोडलं, त्याला तिची आठवण येत असणार. ही कल्पना मला हवीहवीशी वाटली हे मी लपवत नाही. ती खरी असावी असं आई म्हणून कुणालाही वाटेल. पण ती खरी धरली तर मी झेंडूला पाहायचं सोडून आमच्याच घराकडे पाहायला लागले असते. त्याला ऊब कळते, आडोसा कळतो, ओळखीच्या हाताचा वासही कळत असेल. विरहासाठी अन्न सोडणारं मन त्याला आहे असं मानायला काही आधार नाही. आणि ते नाही म्हणून तो उणा ठरत नाही. त्याचा ऑक्टोबर त्याच्या कारणांनी आला होता. ती कारणं आमच्या कारणांहून कितीतरी जुनी आहेत.

जानेवारीत वजन ५१८वर होतं. ओहायोत तेव्हा बर्फाचे दिवस असतात. दर दोन आठवड्यांनी एकदा उंदीर दाखवायचा, पंधरा मिनिटं ठेवायचा, नको म्हणाला की काढून घ्यायचा, असा क्रम ठेवला. मधल्या काळात त्यानं एकदा कात टाकली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सलग, डोळ्यांवरच्या पारदर्शक टिकल्यांसकट. उपाशी पण धडधाकट असल्याची याहून चांगली खूण नाही. आजारी सापाची कात बहुधा तुकड्यातुकड्यांनी निघते. ती कात मी पाकिटात घालून लेकीला पाठवली.

मार्चमध्ये तो जेवला. मोठा उंदीर मुद्दामच दिला नव्हता. इतक्या उपासानंतर आतड्यावर एकदम भार टाकायचा नसतो, म्हणून जेमतेम अंगावर लव आलेलं पिल्लू दिलं होतं. त्यानं झडपही घातली नाही, विळखाही घातला नाही. चिमट्यातून डोक्याकडून धरलं, जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी पुढे, असं करत दोनेक मिनिटांत गिळलं आणि जबडा दोनदा वाकडातिकडा उघडून जागेवर बसवला. त्यानंतर अठ्ठेचाळीस तास त्याला हात लावायचा नाही हा नियम आहे, नाहीतर खाल्लेलं वर येतं. लेकीला फोन केला तर ती रडायलाच लागली. इतके महिने ती मला धीर देत होती, “आई, त्याला काही होत नाही,” म्हणत होती.

हे साप नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षं जगतात. म्हणजे असे हिवाळे अजून बरेच यायचे आहेत आणि पुढच्या हिवाळ्याबद्दल आमच्या दोघींचं जमत नाहीये. लेकीचं म्हणणं, त्याला हंगाम हवा असेल तर तो पुरा द्यावा. पैदास करणारे करतात तसं आधी दोन-तीन आठवडे अन्न बंद करून पोट रिकामं होऊ द्यायचं, मग हळूहळू बारा-तेरा अंशांपर्यंत गारवा आणायचा आणि दोन-अडीच महिने अंधारात झोपू द्यायचं. मला ते धोक्याचं वाटतं. पोटात काही राहिलं तर गारव्यात ते कुजेल, आणि आत दडलेला एखादा आजार तेव्हाच डोकं वर काढेल. पाळलेल्या सापाला तसं झोपवणं गरजेचं नसतं, हेही मी तिला सांगते. ती म्हणते, “गरज नाही, पण त्याला बरं वाटेल.” बरं वाटेल हे तुला कसं कळलं, असं मी विचारते, तर म्हणते, “न खाणं त्याला बरं वाटत होतं हे तुला कसं कळलं?” त्याला माझ्याकडे उत्तर आहे, वहीतले आकडे आहेत, पण ते तिला पुरत नाही. सप्टेंबरात ती चार दिवस घरी येणार आहे. तेव्हा वजन आणि विष्ठेचा नमुना घेऊन डॉक्टर बाईंकडे जायचं आणि त्या म्हणतील तसं करायचं, एवढ्यावर सध्या तडजोड झाली आहे.